थर्लवेलचा खडू

९ जानेवारी १८८८, सोमवार

ही वही हेस्टरनं नाताळात दिली. म्हणाली, "बाबा, दिवसभर कारखान्यात जे बोलता तेच घरी येऊन मला ऐकवता. त्यापेक्षा यात लिहा, माझी सुटका होईल." पोरीची जीभ तिच्या आईच्या वळणावर गेली आहे, देव तिला शांती देवो. लिहिण्याजोगं काही घडेना म्हणून वही कोरी पडून होती. आज घडलं.

एडमंडसाहेबांनी वर कचेरीत बोलावलं आणि खुर्ची दिली. अशरवुडांच्या कचेरीत बूड टेकायला मला उभा जन्म लागला. थोरले साहेब स्वतः उभे राहायचे आणि मलाही उभं ठेवायचे, त्यामुळे बोलणं झटपट आटपायचं. ते गेले, आता त्यांच्या या लेकाचं राज्य. याची रीत वेगळी. माझ्या अगदी समोर येणार, डोळ्यांत बघणार आणि एकेक शब्द सुटा करून, ओठ नीट उघडून बोलणार. याला म्हणतात घरंदाजपणा. बाकीची दुनिया हल्ली तोंडात गरम बटाटा धरल्यासारखी बोलते.

"जेबेझ," साहेब म्हणाले, "उन्हाळ्याआधी कारखान्याची कंपनी करतोय. चार संचालक. मी, माझा भाऊ, बँकेचे एक गृहस्थ आणि तुम्ही."

"मी? साहेब, मी आठव्या वर्षी इथं रिव्हेट तापवायला लागलो. सही करायला शिकलो तोवर मिसरूड फुटून जुनं झालं होतं."

"म्हणूनच तर. टाइन नदीवरच्या कुठल्याही जहाजमालकाला विचारा. तो अशरवुडचं इंजिन घेत नाही, थर्लवेलचा खडू घेतो."

हे मात्र खरं आहे. जहाजाचा पंखा फिरवणारा लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, घडवून निवला की मी तो हातोडीनं ठोकत जातो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोखंड निरोगी असलं तर घंटेसारखं बोलतं. आत भेग असली तर फुटक्या मडक्यासारखं. पसंत पडला की खडूनं माझं अक्षर काढतो. ते दिसलं की विम्याचा माणूस वाकूनसुद्धा बघत नाही. आमच्या धंद्यात लोक तिशीतच बहिरे होतात. मी पोरवयापासून कानांत मेण आणि लोकर कोंबत आलो. तेव्हा जे हसले ते आज सगळे कानामागं हात धरून "काय? काय?" करत हिंडतात.

"एकच आहे," साहेब म्हणाले. "आपली नवी आगबोट 'कॉर्नेलिया' मार्च लागताच समुद्रावर गेली पाहिजे. ती रखडली तर कंपनीचे शेअर घ्यायला कुत्रंही येणार नाही."

मी म्हणालो, जाईल.

२२ जानेवारी, रविवार

नवा धर्मोपदेशक कामाचा नाही. प्रार्थनामंदिराच्या चौथ्या बाकावर बसूनही त्याचा शब्द पोचत नाही. भजनमंडळीच्या प्रमुखानं मला बाजूला घेऊन गळ्याला थोडी विश्रांती द्यायला सांगितलं. माझा गळा ठणठणीत आहे. याच्या मेहुण्याला मागे मी कामावरून काढला होता, त्याचा सूड.

घड्याळजीही लबाड निघाला. शेकोटीवरचं घड्याळ दोनदा दुरुस्तीला दिलं, दोनदा "काही बिघाड नाही" म्हणून परत आलं. काटे फिरतात, पण टिकटिक नाही. हजेरी लावून काम न करणारा मजूर असतो तसलं घड्याळ.

परसात लीकचे कांदे मात्र असे माजलेत की यंदाच्या भाज्यांच्या प्रदर्शनात शेजाऱ्यांनी घरीच बसावं.

३१ जानेवारी, मंगळवार

आज 'कॉर्नेलिया'चा शाफ्ट ठोकला. राग अजून उतरला नाही, तरी लिहितो.

रीतीप्रमाणे वाफेचा घण थांबवला, सगळी लोहारशाळा गप्प झाली. एडमंडसाहेब हजर होते. मी ठोकत गेलो. शाफ्ट चांगला बोलला, तोच जुना भरदार आवाज. खडू काढला, तेवढ्यात कडी डॉड्स पुढं झाला.

कडी म्हणजे लोहारशाळेचा फोरमन. मिशी फुटायच्या आत मी त्याला हाताशी घेतलं, हातोडी धरायला मी शिकवलं, इंजिनिअरच्या परीक्षेला बसायला मीच पिटाळलं. त्यानं सगळ्यांदेखत माझं मनगट धरलं.

"मिस्तरी, मधल्या पट्टीत पुन्हा ठोका."

"का रे?"

"तिथं बद्द वाजतोय. आत भेग आहे."

"तुझ्या डोक्यात आहे भेग."

"मिस्तरी, पाया पडतो. पाहिजे तर मी ठोकतो, तुम्ही ऐका." आणि त्यानं माझ्या हातातून हातोडी घेऊन ठोकलीही. मी ऐकलं. काही फरक नव्हता. घणवाला एमोस ट्युलिप शेजारीच उभा होता. नाव फुलाचं आणि देह रेड्याचा. त्याला विचारलं, "तू सांग रे, ट्युलिप." त्यानं एकदा कडीकडे पाहिलं, एकदा एडमंडसाहेबांकडे आणि मग स्वतःच्या बुटांकडे.

साहेब माझ्यासमोर आले. "जेबेझ, इथं कान कुणाचा चालतो? तुमचा की याचा?"

मी खडूनं अक्षर काढलं. कडी म्हणाला ते एवढ्या मोठ्यानं की नदीपलीकडे गेलं असेल: "नवा घडवायला तीन आठवडे लागतील, साहेब. तीन आठवडेच!"

ज्याला ठोकायला शिकवलं तो मला ऐकायला शिकवतो.

१ फेब्रुवारी

एडमंडसाहेबांनी तोड काढली, तीही डोकेबाज. नव्या इंजिनाबरोबर पहिल्या फेरीला कारखान्याचा एक माणूस जातो, हमीचा इंजिनिअर म्हणून. काही बिघडलं तर जबाबदारी त्याची. साहेब म्हणाले, "डॉड्सला शाफ्टची एवढी काळजी आहे ना? मग त्यालाच पाठवू. सोबत राहून काळजी घेईल." मी पोट धरून हसलो. शिक्षा अशी असावी. मानही राहतो आणि अद्दलही घडते.

कडीला सांगितलं. त्यानं हात पुसले. मग म्हणाला, "मिस्तरी, सही तुमची आहे म्हणून जातो. दुसऱ्या कुणाची असती तर नोकरी सोडली असती."

चला, ताळ्यावर आला म्हणायचा.

१२ फेब्रुवारी, रविवार

दाढी करत होतो. आरशात हेस्टर मागं दारात उभी दिसली. ओठ हलत होते, डोळे भरलेले. मी वळून विचारलं, "काय पुटपुटतेस?"

"काही नाही. तीनदा हाक मारली."

"मग मोठ्यानं मारायची."

ती समोर येऊन उभी राहिली. "बाबा, मी कडीला शब्द दिलाय. उन्हाळ्यात लग्न करू म्हणतो."

मला कुणकुणही नव्हती. माझ्याच घरात, माझ्याच नाकाखाली! मी म्हणालो, "आधी तो हमीच्या फेरीवरून परत येऊ दे, मग बघू."

"त्या शाफ्टवर त्याला पाठवू नका. बाबा, एकदा न्यूकॅसलला डॉक्टरला कान दाखवा. माझ्यासाठी तरी दाखवा."

म्हणजे हे विष कडीनं घरापर्यंत आणलंय. हातातली दाढीची वाटी मी खाली ठेवली ती जरा जोरात ठेवली गेली. "संचालक होणाऱ्या माणसानं कानाच्या डॉक्टरकडे जायचं? ही बातमी दिवस मावळायच्या आत नदीकाठच्या प्रत्येक गुत्त्यात पोचेल. माझा खडू मग शाळेतल्या पोरांना वाटायचा का?"

ती गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली.

५ मार्च

'कॉर्नेलिया' गेली. बँडवाले आले होते, एडमंडसाहेबांच्या पत्नीनं हातरुमाल हलवला, आमचे लोक टोप्या उडवत होते. जहाज काय दिसत होतं! पन्नास वर्षांत या काठावरून इतकी सडपातळ बोट गेली नाही.

कडीनं धक्क्यावर माझा हात हातात घेतला आणि मान खाली घालून काहीतरी बोलला. मी मान हलवली.

परतताना हेस्टरनं विचारलं, "काय म्हणाला तो तुम्हाला?"

"भोंग्यात कुठं ऐकू येतंय."

"भोंगा तर नंतर वाजला, बाबा."

या पोरीला प्रत्येक गोष्टीत वाद घालायचा असतो.

१९ मार्च

तार आली. 'कॉर्नेलिया' बिस्केच्या उपसागरात गेली. लाटांत शाफ्ट तुटला, पंखा गेला, जहाज वाहत जाऊन खडकांवर आपटलं. नऊ जण बुडाले. त्यात जहाजाचा मुख्य इंजिनिअर, माझ्या ओळखीचा, शांत माणूस. कडी वाचला. मच्छिमारांनी उचलला.

हेस्टरनं तार वाचली, कोट चढवला आणि लग्न झालेल्या थोरल्या बहिणीकडे निघून गेली. कडी जिवंत आहे म्हणून तरी माझ्या गळ्यात पडेल असं वाटलं होतं.

शाफ्ट चांगला होता. समुद्र वाईट असेल, चालवणारे वाईट असतील. शाफ्ट चांगला होता.

२१ मार्च

जेवायच्या सुट्टीत लोहारशाळेच्या मागं गेलो. तिथं भंगारात एक जुना शाफ्ट पडला आहे. पाच वर्षांपूर्वी मीच नापास केला होता. त्याला एवढी भेग आहे की नख आत जातं. उघड्या डोळ्यांनी दिसते.

हातोडी घेऊन ठोकला. चांगला बोलला.

पुन्हा ठोकला, भेगेला लागून. तोच भरदार आवाज, निरोगी. भेगेत नख घालून ठोकला, दुसऱ्या टोकाला जाऊन ठोकला. मग हातोडी टाकून दिली आणि त्या दांड्यावरच बसलो.

मला लोखंड ऐकू येत नव्हतं. वर्षानुवर्षं जे ऐकलं त्याची आठवण येत होती, आणि मी तिला पसंतीचं अक्षर देत होतो. किती शाफ्ट गेले असतील असे? समुद्रावर आत्ता कुठं कुठं असतील?

घड्याळजीचे पैसे उगाच अडवून ठेवलेत. उद्या देऊन यायला हवेत.

२३ मार्च

एडमंडसाहेब घरी आले. माझ्या घरी, पहिल्यांदा. खुर्ची माझ्यासमोर ओढून, गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि एकेक शब्द सुटा करून बोलू लागले. तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस दोन वर्षं माझ्याशी असाच बोलतोय. आपल्या सख्ख्या भावाशी बोलताना तर मान वर करत नाही.

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"काय माहीत होतं, जेबेझ?"

"माझ्या कानांचं."

ते हसले नाहीत. चेहऱ्यावर काहीच आलं नाही. "तुमचे कान म्हणजे या कारखान्याची अर्धी अब्रू आहे. माझे वडील म्हणायचे. पुढच्या महिन्यात सरकारी चौकशी आहे. तिथं तुम्ही हेच सांगणार. आमचे वकील तुमच्यासमोर उभे राहून प्रश्न विचारतील, आज ठरवू त्याच क्रमानं. अडचण येणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर अशरवुडनी दोन वर्षं एका बहिऱ्याकडून शाफ्ट तपासून घेतले असं होईल. पुढचं जहाज आपल्याकडे कोण बांधून घेईल? आठशे घरं या फाटकावर जगतात. कंपनी होणार नाही, संचालकही होणार नाहीत." दारात थांबून मागं वळले, म्हणजे मला तोंड दिसेल असे. "आणि जेबेझ, ते नऊ जण तुमच्या खडूच्या नावावर लागतील."

असा माणूस मला घरंदाज वाटत होता. मी, ज्याला सारी नदी बेरकी म्हणते!

११ एप्रिल

चौकशी झाली. जसं झालं तसं लिहितो.

आधी आमच्या लोहारशाळेतले साक्षीदार. एमोस ट्युलिप म्हणाला, घण चालू होता, काही ऐकलं नाही. दुसरा म्हणाला, मी भट्टीकडे होतो. मागं बसलेला थोरला जावई मला कुणाला दिसणार नाही असं कागदावर एकेक उतरवून देत होता. एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही. एकानंही कडीकडे पाहिलं नाही.

मग कडी. हात गळ्यात बांधलेला. मी बजावलं होतं, म्हणाला. अध्यक्षांनी विचारलं, जी भेग तुला ऐकू आली ती थर्लवेलसारख्या माणसाला का आली नाही? कडीनं गळ्यातला हात सावरला. मग म्हणाला, "ते मिस्तरी स्वतः सांगतील, साहेब."

मग मी. वकील समोर उभे राहिले, ठरलेले प्रश्न आले, मी ठरलेली उत्तरं दिली. होय, पूर्ण ठोकला. होय, चांगला बोलला. होय, कान उत्तम आहेत. घाम नव्हता, काही नव्हतं. पाठ केलेली प्रार्थना म्हणावी तसं झालं.

तेवढ्यात अध्यक्षांनी स्वतःच काहीतरी विचारलं. त्यांच्या मिशा ओठांवरून हनुवटीपर्यंत उतरलेल्या. मला नुसत्या मिशा हलताना दिसल्या. खोलीतले सगळे चेहरे माझ्याकडे वळले. एडमंडसाहेबांचा रंग उतरला.

कडी बाकावरून उठला. माझ्याकडे तोंड करून, मोठ्यानं, स्पष्ट, लोहारशाळेत घण चालू असताना बोलतो तसं म्हणाला, "मिस्तरी, साहेब विचारतायत, डॉड्सनं तुम्हाला त्या शाफ्टबद्दल सांगितलं होतं का?"

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. परीक्षेच्या दिवशी मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो होतो, तेव्हा मी त्याच्याकडे जसं पाहिलं असेन तसं तो बघत होता.

मी म्हणालो, "नाही."

१६ एप्रिल

निकाल लागला. शाफ्टबद्दल दोष सिद्ध होत नाही. वादळात इंजिनाचा वेग कमी केला नाही, हा हमीच्या इंजिनिअरचा निष्काळजीपणा. कडीचं सर्टिफिकेट दोन वर्षं रद्द. मुख्य इंजिनिअरवरही ठपका. तो बुडालाय, त्याला आता त्याचं काय! पण त्याच्या बायकोला जहाजमालक काही देणार नाहीत, असं ऐकतो. म्हणजे वाचतो.

हेस्टर सामान न्यायला आली. दोघं बेलफास्टला चाललीत. तिथं कडीला साध्या लोहाराचं काम मिळालंय. ती समोर उभी राहून बोलली, मला कळावं म्हणून. एवढी माया अजून शिल्लक होती.

"मी तिथं उठून सांगणार होते, बाबा. कडीनंच हात धरून बसवलं. म्हणाला, म्हाताऱ्याला त्याच्या तोंडानं सांगू दे. सांगतील ते. मी ओळखतो त्यांना."

मी म्हणालो, "आठशे घरं आहेत, हेस्टर."

"त्यांतलं तुम्हाला एकच दिसत होतं," ती म्हणाली. पेटी मी उचलू लागलो, तर तिनं हातातून घेतली.

७ मे

संचालक मंडळाची पहिली बैठक. 'अशरवुड आणि पुत्र' आता कंपनी झाली. नवं टेबल, नव्या खुर्च्या, शेरीचे पेले, बदाम घातलेला केक. माझा नवा कोट काखेत दाटतो.

एडमंडसाहेब टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसले, पाठ खिडकीकडे करून. चेहरा सगळा अंधारात. बँकवाल्याच्या तोंडात पाइप. धाकटा भाऊ कागदात बघून वाचत होता. मी लक्ष देऊन ऐकत असल्यासारखा बसलो. इतरांनी हात वर केला की केला. एकदा सगळे माझ्याकडे बघू लागले, एडमंडसाहेबांनी बोटानं खूणही केली. मी म्हणालो, "मान्य आहे." सगळ्यांनी माना हलवल्या. निभावलं.

घरी येऊन थंड मटण खाल्लं. एकट्यापुरता स्वयंपाक कसा करतात ते शिकायला हवं.

९ मे

फाटकावर नोटीस लागली आहे. लोहारशाळा जूनअखेर बंद. शाफ्ट यापुढे शेफील्डहून घडवून आणायचे. ठराव एकमतानं मंजूर. सूचक, एडमंड अशरवुड. अनुमोदक, जेबेझ थर्लवेल.

उभ्यानं दोनदा वाचली. वळलो तर मागं सगळी लोहारशाळा उभी. एमोस ट्युलिप पुढं, टोपी हातात. तो जवळ आला, तोंड माझ्यासमोर धरलं आणि खालच्या पट्टीतला आपला रेड्यासारखा आवाज लावला.

"मिस्तरी, चौकशीत आम्ही तोंड शिवून बसलो. चूल बघून बसलो. कडीच्या डोळ्याला डोळा द्यायची लाज वाटली, तरी बसलो. ते जाऊ दे. आता एकच सांगा. काल-परवा वर हात केलात, तो कशासाठी ते तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

मी कोटाची बटणं लावू लागलो.

"नसेल आलं तर तसं म्हणा. आम्ही सगळे तुम्हाला घेऊन वर जातो. ज्याला ऐकू आलं नाही त्याचं मत धरता येत नाही, ठराव पुन्हा घ्यावा लागतो; आमच्या संघटनेच्या चिटणिसाला विचारून आलोय. कुणी हसणार नाही, मिस्तरी. अहो, इथं कुणाला ऐकू येतंय? निम्मे आम्ही तसेच आहोत."

मागं दोघा-चौघांनी आपापल्या कानांना हात लावून दाखवला. माझ्याबरोबर रिव्हेट तापवायला लागलेला एक जण त्यांत होता.

वर कचेरीच्या खिडकीत एडमंडसाहेब उभे होते.

मी म्हणालो, "सगळं ऐकू आलं होतं. पूर्ण विचार करूनच अनुमोदन दिलं."

एमोसनं हातातली टोपी डोक्यावर घातली. पाठोपाठ सगळ्यांनी घातल्या. आणि मला वर कचेरीत जायला वाट करून दिली.